तपकिरी कोळशावरचा देश
१९४९ मध्ये पूर्व जर्मनी वेगळा झाला, तेव्हा रुरचा चांगला दगडी कोळसा पश्चिमेकडे राहिला होता, सायलेशियाचा पोलंडकडे गेला होता. हाती उरला लाउझित्स आणि लाइपझिग भागातला तपकिरी कोळसा, म्हणजे लिग्नाइट. त्यात निम्मं पाणी आणि वर गंधक. तरी त्यावरच देश उभा राहिला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत संघाने स्वस्त तेल कमी केलं. जे येई ते शुद्ध करून पश्चिमेला विकलं की परकीय चलन मिळे. मग देशात जाळायला पुन्हा लिग्नाइटच. १९८५ साली त्याचं उत्खनन ३१ कोटी टनांवर गेलं. इतका लिग्नाइट जगात दुसरं कुणीच काढत नव्हतं.

पण सगळा दोष टंचाईला देता येत नाही. नियोजनात यश टनांत मोजलं जाई, त्यामुळे उधळपट्टीही उत्पादनात जमा होई. नव्या वसाहतींतल्या अनेक घरांत उष्णता नळांतून येई, पण मीटर नसे. खोली फार तापली की लोक भर हिवाळ्यात खिडक्या उघडत. दर गोठवलेले असताना काटकसर कुणी का करावी?

याहून घातक होतं ते मौन. १९७२ पासून पर्यावरण मंत्रालय होतं, आणि १९८२ मध्ये सरकारने प्रदूषणाचे आकडेच गुप्त ठरवले. लाइपझिगजवळ एस्पेनहाइनला लिग्नाइटचा जुनाट कारखाना धूर ओकत होता. सह्यांची मोहीम सरकारला चालली नसती, म्हणून १९८८ मध्ये चर्चशी जोडलेल्या मंडळींनी कारखान्याच्या दुरुस्तीसाठी माणशी एक मार्क गोळा केला. पावतीवरची सही हाच निषेध. इतकं धाडसी आणि इतकं साधं आंदोलन मला दुसरं आठवत नाही.

पश्चिम जर्मनीतही जंगलं वाळत होती. तिथल्या वीजकेंद्रांच्या धुरातला गंधक बाजाराने आपणहून काढला नाही. लोक बोलले, वर्तमानपत्रांनी छापलं, १९८३ मध्ये नियम आला, तेव्हा यंत्रं बसली.

१९९० च्या एकीकरणानंतर पूर्वेचं आकाश झपाट्याने निवळलं. काही श्रेय नव्या यंत्रांचं, पण फार मोठं बंद पडलेल्या कारखान्यांचं. खाणकामगार लाखाहून अधिक होते. दशकभरात त्यांतले बहुतेक घरी बसले. स्वच्छ हवेची ही किंमत त्या हवेच्या कौतुकात क्वचितच धरली जाते. २०२० च्या कायद्यांनी जर्मनीने कोळसा सोडायला २०३८ पर्यंतची मुदत घेतली आणि कोळशाच्या प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोपर्यंत तरतूद केली. १९९० मध्ये लाउझित्सच्या वाट्याला अशी मुदत आली नव्हती.