गाडीच्या एसीत गॅस कोणता भरावा?

मंडळी, ‘गॅस संपला’ या दोन शब्दांना जागेप्रमाणे अर्थ येतो. साताऱ्यात कुणी म्हटलं तर स्वयंपाकाचा सिलिंडर, ह्यूस्टनमध्ये म्हटलं तर पेट्रोल. आणि जुलै महिन्यात गाडीतला एसी गरम वारा फेकू लागला, की तिसरा अर्थ! हा तिसरा अर्थ मात्र मुळातच चुकीचा आहे, आणि ते डोक्यात शिरायला आम्हांला एक कॉम्प्रेसर गमवावा लागला. आम्ही शिक्षणाने इंजिनिअर आहोत, हे इथे सांगायलाही संकोच वाटतो.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही की खर्ची पडत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. रेडिएटरच्या पुढच्या जाळीत तो आपली उष्णता बाहेर टाकून द्रव होतो. मग डॅशबोर्डमागच्या नळ्यांत त्याची पुन्हा वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो गाडीतल्या हवेतून शोषून घेतो. बंद नळ्यांत फिरणारा माल तोच तो. तो बराच कमी झाला, याचा अर्थ कुठेतरी गळती आहे.

आता हा माल कोणता? जुन्या गाड्यांत असे आर-१२, म्हणजेच प्रसिद्ध ‘फ्रिऑन’. न जळणारा, बिनविषारी, कामाला चोख. पण १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की असल्या वायूंतला क्लोरीन वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८७ साली माँट्रिअलचा करार झाला आणि १९९५ अखेर अमेरिकेत आर-१२ चं उत्पादन थांबलं. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट जोरदार. गाडीत साधारण ६०० ग्रॅम असतो असं धरा. तेवढा हवेत सुटला, तर सुमारे १०० गॅलन पेट्रोल जाळल्याइतका परिणाम होतो. म्हणून मग तिसरा गडी आला, आर-१२३४वायएफ. त्याचा हा आकडा ४ च्या आसपास. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत आर-१३४ए चालत नाही, आणि अमेरिकेतल्याही बहुतेक नव्या गाड्यांत आज हा तिसराच असतो. दोष त्यातही आहेत: तो थोडासा ज्वलनशील आहे, आणि किमतीला तर भलताच तिखट!

आता आमची फजिती. २००९ साली आमच्याकडे दहा वर्षांची जुनी गाडी होती, आर-१३४ए वाली. एसी मंदावला, म्हणून दुकानातून दोन डबे आणले. त्यातल्या एकात गळती बुजवायचं औषधही होतं. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी! पहिल्या डब्याने बरं वाटलं, म्हणून दुसराही रिकामा केला. गॅस जास्त झाला की दाब चढतो आणि थंडावा उलट कमी होतो, हे पुस्तकात वाचलेलं त्या दिवशी आठवलं नाही. महिन्याभरात कॉम्प्रेसरने राम म्हटला. गॅरेजवाल्याने गॅस तपासायचं यंत्र लावलं आणि हात वर केले. ते औषध त्याच्या यंत्रात जाऊन घट्ट बसेल, म्हणाला. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळपास गेला.

गेल्या जुलैत पुन्हा तोच प्रसंग आला. साताऱ्याहून सासू-सासरे आले होते. विमानतळावरून घरी येताना एसी गप्प, बाहेर ३८ अंश, आणि सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास. “जावईबापू, काचा खाली घ्या की!” सासरे म्हणाले. काचा खाली घेतल्या, तर भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. सासूबाई घरी येईपर्यंत पदराने वारा घेत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

ही गाडी २०१९ ची, आर-१२३४वायएफ वाली. गॅरेजने सांगितलेला आकडा ऐकून आमचा चेहरा उतरला. एका मित्राने सल्ला दिला: “अरे, अडॅप्टर मिळतो, स्वस्तातला १३४ए भर आणि मोकळा हो.” मोह झाला, खोटं कशाला बोला! पण दोन्ही गॅसची तोंडं मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात, ती अशी सरमिसळ होऊ नये म्हणूनच. मिश्रण झालं की दाबाचं गणित बिघडतं, पुढचा गॅरेजवाला ते यंत्रात घेत नाही, आणि आपण पर्यावरणाचा नियमही मोडतो. प्रोपेन-ब्यूटेनवाले स्वस्त डबे तर त्याहून वाईट. नळी डॅशबोर्डच्या आत येते. तिथे गळती झाली, तर स्वयंपाकाचा गॅस मांडीवर घेऊन बसल्यासारखंच.

तेव्हा आम्ही शहाण्यासारखं वागलो. गळती शोधून घेतली. पुढच्या जाळीला खडा लागून बारीक भोक पडलं होतं. जाळी बदलली, नळ्यांतली हवा पंपाने पूर्ण ओढून घेतली, आणि लेबलवर लिहिला होता तेवढाच गॅस वजन करून भरला.

तर मंडळी, निवड करायची ती आपण नव्हे. ती गाडी बनवणाऱ्याने आधीच करून ठेवलेली असते. बॉनेट उघडा, लेबल वाचा: गॅसचं नाव, वजन, आणि बऱ्याच गाड्यांत तेलाचा प्रकारही तिथे असतो. तेलाचंही पथ्य पाळा, विशेषतः विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांत. तिथे कॉम्प्रेसरची मोटर तेलातच असते, आणि चुकीच्या तेलाने विजेचं इन्शुलेशन बिघडतं. जुना गॅस हवेत सोडू नका. अमेरिकेत तो गुन्हा आहे. आणि गळती शोधल्याशिवाय वरून भर घालू नका.

परतीच्या दिवशी विमानतळावर जाताना सासूबाईंनी मागच्या सीटवरून हळूच सांगितलं, “जरा कमी करता का? गारठले मी.” असं समाधान आम्हांला पदवी मिळाली तेव्हाही झालं नव्हतं!