एका खुर्चीला चार सिस्टर

2021 साली महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीचे आमदार राजेश टोपे, आवाज न चढवता बोलणारा माणूस. करोनाच्या दोन लाटांत रिकाम्या पदांचं दुखणं त्यांच्या खात्याला चांगलंच जाणवलं होतं. भरती निघाली: गट क ची 2,739 आणि गट ड ची 3,466, मिळून 6,205 पदं. परीक्षार्थी 8,66,660.

परीक्षार्थींचा हा आकडा टोपेंच्याच जालन्यात आणून ठेवू. 2011 च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्या 2,85,577 होती. म्हणजे तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत अख्ख्या शहराने तीन-तीनदा फॉर्म भरला म्हणा ना. माणशी अर्धा मीटर जागा देऊन सगळ्यांना रुळांच्या कडेने उभं करा. जालन्याहून जनशताब्दीत बसलात तर दादर येईपर्यंत रांग संपायची नाही. एका जागेमागे 140 जण. सगळे नर्सिंगवाले नव्हते, हे खरं; तंत्रज्ञ, वाहनचालक, कक्षसेवकही त्यात आले.

आता वॉर्डात या. सिस्टरच्या टेबलामागची एक खुर्ची वर्षाचे 8,760 तास भरलेली हवी. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट. एका सिस्टरच्या वर्षातून 52 साप्ताहिक ऑफ आणि रजा-सुट्ट्यांचे 45 दिवस वजा करा. उरतात 268 दिवस, आठ तासांच्या हिशेबाने 2,144 तास. भागून पाहा: एका खुर्चीला चार माणसं लागतात, वर थोडं उरतंच. त्यातलं एक पद रिकामं राहिलं की त्याचे तास उरलेल्या तिघींच्या ऑफमधून निघतात. नाइटला तीस रुग्णांमागे एकच सिस्टर असेल आणि ताप, नाडी, बीपीला माणशी पाच मिनिटं धरली, तर एकच फेरी अडीच तासांची. सलाईन, इंजेक्शन, नवा पेशंट आणि सकाळी पुढच्या पाळीला ‘ओव्हर’ द्यायची वही यात धरलेलीच नाही.

हजार लोकांमागे तीन परिचारिका हे जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने आपल्याकडे नेहमी सांगितलं जाणारं माप. 2011 च्या जनगणनेत 19,59,046 वस्ती असलेल्या जालना जिल्ह्याला ते लावलं तर सरकारी-खासगी मिळून 5,877 जणी लागतात. साऱ्या राज्याची ती भरती, शिपायासकट, होती 6,205 ची! परिचारिकांचा जगभरातला तुटवडाही जालन्याच्याच गजाने मोजता येतो: संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार 58 लाख, म्हणजे जवळजवळ तीन जालना जिल्ह्यांच्या वस्तीइतका.

माणसं आहेत, कामही आहे. अडतं ते मधल्या दारात, भरतीत. 2021 च्या त्या भरतीची 25 आणि 26 सप्टेंबरची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली, तेव्हा कितीतरी पोरं एसटीत बसून निघालीही होती. टोपेंनी दिलगिरी व्यक्त केली. ऑक्टोबरात परीक्षा झाली, गट ड चा पेपर फुटला, आणि डिसेंबरात पुणे पोलिसांनी आरोग्य खात्यातल्याच सहसंचालकाला अटक केली. मे 2022 मध्ये बाह्यस्रोत भरतीविरुद्ध परिचारिका संपावर गेल्या. ऑगस्ट 2023 मध्ये, सरकार बदलल्यावर, नवी जाहिरात आली: 10,949 पदं.

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, त्यात जालनाही आहे. बातम्या आल्या त्या डॉक्टरकीच्या जागांच्या. तीनशे खाटा आणि सहा खाटांमागे एक खुर्ची धरली, तरी खुर्च्या पन्नास आणि सिस्टर दोनशेच्या वर.