नवी मोटर बसवण्यापूर्वी होडीची मागची फळी तपासा

गोव्याच्या किनाऱ्यावरील फायबरच्या लहान होड्यांवर मोटर बाहेरून बसवली असेल, तर तिचे वजन आणि रेटा मागच्या उभ्या फळीला, म्हणजे ट्रान्समला, पेलावा लागतो. बाहेरून अखंड दिसणाऱ्या या फळीच्या गाभ्यात बहुधा प्लायवूड असते. बोल्टच्या छिद्रांतून पाणी झिरपले की ते कुजते आणि भर समुद्रात मोटर निखळण्याचा धोका निर्माण होतो.

हातोडीने हलके ठोकल्यावर बद्द आवाज आला, मोटर वर-खाली दाबताना फळी लवली किंवा छिद्रातून काळपट ओला भुसा निघाला, तर वरवर लांबी भरून भागत नाही. आतील फायबर कापून कुजके लाकूड पूर्णपणे काढावे लागते. ओल्या लाकडावर रेझिन धरत नाही; म्हणून पावसाळ्यात हे काम छपराखाली, गाभा सुकवूनच करावे. त्यानंतर मरीन प्लायवूडचे थर इपॉक्सीने जोडून नवे फायबर दोन्ही कडांच्या भिंतींवर वळवावे.

मोटरीच्या दांड्याची लांबी फळीच्या उंचीशी जुळावी: आखूड दांड्यासाठी सुमारे १५ इंच, लांब दांड्यासाठी २० इंच. मोटर फार वर राहिल्यास पंखा हवा ओढतो. फार खाली गेल्यास पाण्याचा अवरोध वाढून इंधन अधिक जळते.

बोल्टचे छिद्र आधी मोठे पाडून इपॉक्सीने भरावे आणि ते कडक झाल्यावर त्यातच योग्य मापाचे छिद्र पाडावे. मग पाणी गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. दोन मोटरी जोडताना त्यांचे एकत्रित वजन व अश्वशक्ती होडीच्या क्षमतेत बसते का, हेही पाहावे.