विहिरीचें पोहणें आणि समुद्राची बुडी

कृष्णा महाबळेश्वरीं ज्या ठिकाणीं उगम पावते, तेथून पश्चिम समुद्र सरळ रेषेंत अवघा चाळीस मैल आहे. पण ती त्याच्याकडे पाठ करून वाई, कऱ्हाड, सांगली अशी निघते आणि थेट पूर्वसमुद्रास मिळते. त्यामुळें सातारा-सांगलीकडील मुलगा पोहावयास शिकतो तो नदीच्या डोहांत किंवा मळ्यांतल्या विहिरींत, पाठीला सुका भोपळा अथवा पत्र्याचा डबा बांधून. तेथें पट्टीचा पोहणारा कोण? तर जो छातीभर श्वास घेऊन सूर मारतो, तळाची माती मुठींत धरतो आणि बाणासारखा वर येतो. हा गुण खराच. पण हाच गुण घेऊन तो पाठीवर हवेचें नळकांडें बांधून मालवणच्या समुद्रांत उतरला, तर प्राणावर बेतूं शकतें. असें कां, तें आज आपणांस पाहावयाचें आहे.

मालवणसमोरील कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्या परिसरांतील बुडालेल्या खडकांवर प्रवाळांची वस्ती आहे. प्रवाळ म्हणजे नुसता दगड नव्हे. चिमुकल्या प्राण्यांनीं आपल्याभोंवतीं रचलेलीं तीं चुन्याचीं घरें होत. त्यांच्या आडोशानें रंगीबेरंगी मासे वावरतात. १९८७ सालीं येथील कांहीं भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. जवळच तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें बुडीचें शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी संस्था काढली आहे. पावसाळ्यांत समुद्र खवळतो व पाणी गढूळ होतें. म्हणून हा छंद हिंवाळ्या-उन्हाळ्यांतला.

ज्या साधनानें हें शक्य झालें त्यास स्कूबा म्हणतात. १९४३ सालीं फ्रान्समध्यें झाक कूस्तो व एमिल गान्यां या दोघांनीं त्याचें आजचें रूप सिद्ध केलें. नळकांड्यांत दाबून भरलेली साधी हवा असते. तोंडांत धरलेली झडप ती हवा भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानें पुरविते. सगळी मेख येथेंच आहे.

समुद्रसपाटीस वातावरणाचा दाब दर चौरस इंचास सुमारें १५ पौंड असतो. समुद्रांत दर ३३ फुटांस तितकाच दाब आणखी वाढतो. दाब दुप्पट झाला कीं हवेचें आकारमान निम्में होतें, हा नियम बॉइलनें १६६२ सालीं मांडला. विहिरींत सूर मारणारा वरची हवा छातींत घेऊन जातो. ती खालीं आक्रसते व वर येतांना मूळपदावर येते. पाणबुड्याचें तसें नाहीं. त्यानें ३३ फुटांवर घेतलेला श्वास दुप्पट दाबाचा असतो. तो रोखून धरून वर आल्यास ती हवा दुप्पट जागा मागते. मग फुप्फुस फाटतें आणि हवेचे बुडबुडे रक्तांत शिरून मेंदूपर्यंत पोहोंचतात. पांचसहा फुटांच्या उथळ पाण्यांतही हें घडूं शकतें. म्हणून पहिला नियम असा कीं, बुडींत श्वास कधींही रोखूं नये.

दुसरा नियम सावकाश वर येण्याचा. हवेंत शंभरांत सुमारें ७८ भाग नत्रवायु असतो. दाबाखालीं तो रक्तांत व स्नायूंत विरघळतो. सोड्याच्या बाटलीची गोळी आंत ढकलतांच फेंस उसळतो, तसेंच घाईनें वर येणाऱ्याच्या अंगांत होतें; सांधे ठणकतात, प्रसंगीं अंग लुळें पडतें. दाब हळूहळू उतरला तर तोच वायु श्वासावाटे निमूटपणें निघून जातो. ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉल्डेन यानें बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्यानें वर येण्याचीं कोष्टकें १९०८ सालीं प्रसिद्ध केलीं. मिनिटास ३० फुटांहून अधिक वेगानें वर येऊं नये आणि १५ फुटांवर तीन मिनिटें थांबावें, असा आज सामान्य प्रघात आहे.

तिसरा नियम आपण घाटावरील लोकांनीं विशेष लक्षांत ठेवावा. किनाऱ्यास पाय लागले म्हणजे बुडी संपली असें नाहीं. नत्रवायूचा कांहीं अंश अंगांत उरतोच. परतीच्या वाटेवर आंबोली सुमारें सव्वादोन हजार फूट उंच आहे, सातारा त्याहून किंचित् अधिक, आणि महाबळेश्वर तर साडेचार हजारांच्या आसपास. उंचीवर हवेचा दाब कमी होतो व उरलेला वायु पुन्हां बुडबुड्यांचें रूप घेऊं शकतो. म्हणून दोन हजार फुटांवर चढण्यापूर्वीं साध्या एका बुडीनंतर १२ तास व अनेक बुड्यांनंतर १८ तास जाऊं द्यावे, असें तज्ज्ञ सांगतात. किल्ल्याजवळची पहिली बुडी उथळ व थोडा वेळ असते, तींत हा धोका अल्पच. तरी तो पत्करण्याचें कांहीं कारण नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, मुलेंमाणसें समुद्राचा तळ पाहावयास निघालीं तर त्यांना अवश्य जाऊं द्यावें. मात्र दमा, सर्दी किंवा कानाचें दुखणें असल्यास तें शिक्षकापासून लपवूं नये, आणि बुडीच्याच दिवशीं रात्रीं घाट चढण्याऐवजीं किनाऱ्यावर एक मुक्काम अधिक करावा.