हिमालयात जायचे, पण कोणाबरोबर?
उंच पर्वतातील पदभ्रमण सहल निवडताना छायाचित्रांपेक्षा वेळापत्रक पाहणे महत्त्वाचे

यवतमाळ : एप्रिल महिन्यात जिल्ह्यातील पारा चाळिशी ओलांडतो आणि घराघरांत थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत चिखलदरा, पचमढी आणि फार तर कुलू-मनालीपर्यंत पोहोचत. आता त्यात हिमालयातील पदभ्रमणाची, म्हणजेच ट्रेकिंगची भर पडली आहे. वाटाड्या, तंबू, जेवण आणि सामानासाठी खेचर अशी सारी व्यवस्था करणाऱ्या संस्थांच्या जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. बर्फाच्छादित शिखराचे छायाचित्र, दिवसांची संख्या आणि शुल्क एवढे पाहून घरबसल्या आरक्षण करता येते. मात्र या तीन गोष्टींवरून सहल किती सुरक्षित आहे, हे कळत नाही. ते कळते वेळापत्रकातील एका रकान्यावरून, आणि तो रकाना म्हणजे प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची.

रजेचे गणित

यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. पदभ्रमणाचे लोकप्रिय मार्ग साडेतीन ते साडेचार हजार मीटरपर्यंत जातात. हे अंतर शरीराने किती दिवसांत कापायचे, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बहुधा रजेवर अवलंबून असते.

दहा दिवसांची रजा मिळाली, असे समजू. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर, तेथून रेल्वेने दिल्ली सुमारे अकराशे किलोमीटर आणि पुढे देहरादून किंवा कुलूकडे रात्रभराचा बसप्रवास. पायथ्याच्या गावी पोहोचण्यातच किमान दोन दिवस जातात, परतीला तेवढेच. उरतात सहा दिवस. मग 'सहा दिवसांत चौदा हजार फूट' अशी जाहिरात सोयीची वाटू लागते. सात किंवा आठ दिवसांची सहल महाग आणि लांबलेली भासते. प्रत्यक्षात तो वाढीव दिवस विरळ हवेची सवय होण्यासाठी किंवा खराब हवामानात थांबण्यासाठी ठेवलेला असतो. रजा कमी असेल, तर दिवसांची काटछाट करण्याऐवजी कमी उंचीचा मार्ग निवडणे शहाणपणाचे ठरते.

विरळ हवेचा हिशेब

उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण बदलत नाही, ते सुमारे २१ टक्केच राहते. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू घटतो. साडेतीन हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे ६५ टक्के, तर साडेपाच हजार मीटरवर जवळपास निम्मा असतो. शरीर या बदलाशी जुळवून घेते, परंतु त्यासाठी त्याला वेळ लागतो.

अडीच हजार मीटरच्या वर उंचीचा त्रास संभवतो. डोके दुखणे, मळमळ, भूक मंदावणे, चक्कर, थकवा आणि झोप न लागणे ही त्याची प्राथमिक लक्षणे. त्याकडे दुर्लक्ष करून चढत राहिल्यास फुप्फुसांत पाणी साचू शकते किंवा मेंदूला सूज येऊ शकते. बसल्या जागी धाप लागणे, फेसाळ खोकला, तोल जाणे आणि असंबद्ध बोलणे ही धोक्याची चिन्हे होत. यावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे विनाविलंब खाली उतरणे. प्राणवायूचा सिलिंडर आणि औषधे उतरेपर्यंतचा वेळ मिळवून देतात, उतरण्याची जागा घेत नाहीत.

तीन हजार मीटरनंतर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर आणखी एक रात्र काढावी, हा वैद्यकशास्त्राने घालून दिलेला दंडक आहे. दिवसा अधिक उंचीवर जाऊन मुक्कामाला खाली येणे चालते. वाचकाने संस्थेचे वेळापत्रक समोर घ्यावे, मुक्कामांच्या उंचीची वजाबाकी करावी आणि हा दंडक कोठे मोडला जातो ते पाहावे. त्यासाठी पर्वतांचे ज्ञान लागत नाही. विमानाने थेट लेहला जाणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. सकाळी नागपूरच्या उन्हात असलेला प्रवासी एकाच दिवसात साडेतीन हजार मीटरवर पोहोचू शकतो. अशा वेळी पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती आवश्यक ठरते.

उंचीच्या त्रासाला प्रतिबंध म्हणून असिटाझोलामाइड हे औषध दिले जाते. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ते चालेलच असे नाही. त्यामुळे ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, प्रवासापूर्वी ठरवून घ्यावे.

विदर्भाने विसरू नये अशी तपासणी

पुण्या-मुंबईच्या संस्थांच्या अर्जात रक्तदाब, दमा, हृदयविकार आणि मधुमेह यांची विचारणा असते. सिकलसेलचा उल्लेख मात्र असेलच, असे नाही. विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजात, या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे आणि यवतमाळ जिल्हाही त्याला अपवाद नाही. या आजारात प्राणवायू कमी पडला, की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि रक्तवाहिन्यांत अडकतात.

सिकलसेलग्रस्त, म्हणजे 'एसएस' प्रकारच्या व्यक्तींना उंच पर्वतातील पदभ्रमण धोक्याचे आहे. 'एएस' प्रकारच्या वाहकांना एरवी कोणताच त्रास जाणवत नाही, त्यामुळे अनेकांना आपण वाहक आहोत याची कल्पनाही नसते. परंतु अति उंचीवर वाहकांच्या प्लीहेचा रक्तपुरवठा खंडित झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदवल्या गेल्या आहेत. पोटाच्या डाव्या बाजूस वरच्या भागात अचानक तीव्र वेदना, हे त्याचे लक्षण. शासकीय रुग्णालयांत सिकलसेलची रक्ततपासणी उपलब्ध आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केल्यानंतर तपासणीला वेग आला. हिमालयाचे आरक्षण करण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी, वाहक असल्यास डॉक्टरांशी बोलून मार्गाची उंची ठरवावी आणि संस्थेला तसे लेखी कळवावे.

कॅलेंडरात उन्हाळा, डोंगरात बर्फ

वैदर्भीय माणसाला उन्हाचा अनुभव दांडगा असतो, थंडीचा नसतो. मे-जूनची सहल म्हणजे सुखद गारवा, ही समजूत महागात पडू शकते. उत्तराखंडमधील सहस्रताल मार्गावर जून २०२४ मध्ये घडलेली दुर्घटना याची साक्ष आहे. वाटाड्यांसह २२ जणांचा गट चार हजार मीटरहून अधिक उंचीवर हिमवादळात सापडला. त्यातील ९ जणांचा मृत्यू झाला, उर्वरितांची सुटका करण्यासाठी हेलिकॉप्टर धाडावे लागले. गटातील बहुतेक जण कर्नाटकातील होते. त्यांच्यासोबत वाटाडे होते, आयोजक संस्था होती आणि महिना जूनचा होता.

ओले कपडे, जोराचा वारा आणि थकवा एकत्र आले, की शून्याच्या वर तापमान असतानाही शरीराची ऊब झपाट्याने जाते. म्हणून पावसापासून बचाव करणारा पोशाख, कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि लोकरी टोपी सामानात खेचरावर न पाठवता स्वतःच्या पाठीवरील सॅकमध्ये ठेवावी. संस्था पुरवत असलेली स्लीपिंग बॅग किती तापमानापर्यंतची आहे, हेही आधी विचारावे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कोठे जावे?

पश्चिम बंगालमधील संदकफू (३,६३६ मीटर) हा नवख्यांसाठी विचारात घेण्याजोगा मार्ग आहे. वाटेत राहण्यासाठी लॉज आहेत आणि माथ्यापर्यंत जीप जाते. त्यामुळे आजारी व्यक्तीला खाली आणणे तुलनेने सोपे. उत्तराखंडमधील हर की दून खोऱ्याची चढण संथ आहे. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात खुली असते. तेथे रात्री राहता येत नाही, मुक्काम घांघरियाला करावा लागतो. फुलांचा बहर जुलै-ऑगस्टचा, पण तेच दिवस दरडी कोसळण्याचे. रस्ता बंद पडल्यास उपयोगी पडावा म्हणून परतीच्या आरक्षणापूर्वी एक दिवस मोकळा ठेवणे इष्ट.

हिमाचलातील सर पास आणि हमता पास ४,२०० मीटरच्या वर आहेत, ते दुसऱ्या खेपेस करावेत. रूपिन पास (सुमारे ४,६५० मीटर) आणि नेपाळमधील एव्हरेस्ट बेस कॅम्प (५,३६४ मीटर) अनुभवींसाठी राखून ठेवलेले बरे. मार्ग खुला आहे की नाही, याची खात्रीही करावी. उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्याळांवर, म्हणजे उंचावरील कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामास मनाई केली आणि रूपकुंडसारख्या प्रसिद्ध मार्गाच्या सहली थांबल्या.

संस्था निवडताना

युथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियासारख्या जुन्या संस्थेचे शुल्क माफक असते. तिच्या कार्यक्रमांत तळछावणीवर सरावाचे दिवस असतात, मात्र गट मोठे असतात. खासगी कंपन्यांचे गट लहान, सोयी अधिक आणि शुल्कही अधिक असते. स्थानिक गावकऱ्यांनी चालवलेल्या सेवा स्वस्त पडतात, त्यांना वाट तोंडपाठ असते, परंतु प्रथमोपचाराची तयारी तपासून घ्यावी लागते. ज्यांना पर्वताची विद्याच शिकायची आहे, त्यांच्यासाठी उत्तरकाशी, दार्जिलिंग आणि मनाली येथील शासकीय गिर्यारोहण संस्थांचे साधारण चार आठवड्यांचे मूलभूत अभ्यासक्रम आहेत.

कोणत्याही संस्थेची कसोटी मात्र एकच आहे. गटातील एक जण आजारी पडला, तर त्याला खाली कोण नेणार? पंधरा जणांमागे एकच वाटाड्या असेल, तर आजाऱ्याला तरी ताटकळावे लागते किंवा उरलेल्यांना तरी वाऱ्यावर सोडावे लागते. जादा वाटाड्याचा पगार शुल्कात धरलेला असतो, आणि स्वस्त सहलीत बहुधा तोच वगळला जातो. भारतात परवानगीशिवाय उपग्रह दूरध्वनी वापरता येत नाही आणि मोबाइलची रेंज पायथ्यालाच संपते. तेव्हा 'अडचण आली तर फोन करू' हे उत्तर पुरेसे नाही. वॉकी-टॉकी आहे का, जवळचे रस्त्याचे टोक किती तासांवर आहे, हे विचारायला हवे.

कागद जपून ठेवा

प्रवास विमा घेताना तो किती उंचीपर्यंत लागू आहे आणि त्यात हेलिकॉप्टरने सुटका समाविष्ट आहे का, या दोन अटी बारकाईने वाचाव्यात. अनेक संस्था 'स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे' अशा मजकुरावर सही घेतात. तेवढ्याने संस्थेच्या निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे संस्था डेहराडूनची असली, तरी यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाचे दार खुले आहे. त्यासाठी वेळापत्रक, पावती आणि दिलेली आश्वासने लेखी स्वरूपात हवीत. महाराष्ट्रातील संस्थांसाठी राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. त्याअन्वये पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, हेही विचारता येईल.

तयारी घरापासून

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्टचे शिखर गाठले. देशातील अत्यंत उष्ण भागात वाढलेल्या या मुलांनी त्यापूर्वी अनेक महिने प्रशिक्षण घेतले होते, त्यात दार्जिलिंग आणि लेह येथील सरावाचाही समावेश होता. सपाट प्रदेशात जन्मलेल्यांना पर्वत वर्ज्य नाही, पूर्वतयारीला मात्र पर्याय नाही.

सहलीपूर्वी किमान दोन महिने रोज पहाटे तासभर भरभर चालणे, आठवड्यातून तीनदा जिने चढणे-उतरणे आणि शेवटच्या महिन्यात पाठीवर सात-आठ किलो वजन घेऊन हाच सराव करणे, एवढे यवतमाळातही शक्य आहे. चिखलदऱ्याची सुमारे ११०० मीटर उंची विरळ हवेची सवय लावू शकत नाही, परंतु तेथील चढउतार पायांना आणि नव्या बुटांना उपयोगी पडतात.

पैसे भरण्यापूर्वी विचारा

- प्रत्येक मुक्कामाची उंची किती? राखीव दिवस आहे का?
- किती जणांमागे एक वाटाड्या? आजाऱ्यासोबत कोण उतरणार?
- वाटाड्याने गिर्यारोहण आणि प्रथमोपचाराचे कोणते प्रशिक्षण घेतले आहे?
- प्राणवायू, स्ट्रेचर आणि रक्तातील प्राणवायू मोजण्याचे उपकरण कोणत्या मुक्कामापर्यंत सोबत असते?
- वन विभागाची परवानगी कोण काढणार?
- हवामान बिघडल्यास परत फिरण्याचा निर्णय कोणाचा? पैसे परत मिळण्याच्या अटी कोणत्या?
- मागील हंगामात किती गट शिखर किंवा खिंड न गाठता परतले?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'एकही नाही' असे आले, तर प्रभावित होण्याऐवजी सावध व्हावे. हिमालयात हवामान दरवर्षी अनेकांना माघारी पाठवते. जी संस्था गटाला वेळीच परत आणते आणि तसे मोकळेपणाने सांगते, तिच्या हाती घरातील माणूस सोपवायला हरकत नाही. खिंड पुढच्या वर्षीही तेथेच असते.