नस सापडेपर्यंत

रक्तदानात सगळ्यांत जास्त दुखतं ते बोट. दंड नाही, कोपर नाही, बोट. यावर मी कुणाशीही पैज लावायला तयार आहे. अनामिकेवर स्पिरिटचा बोळा फिरतो, तो गार लागतो न लागतो तोच लॅन्सेट खट्‌कन बसतं आणि डोळ्यांत टचकन पाणी येतं. मग ते बोट दाबून काढलेला थेंब निळ्या पाण्यात सोडतात आणि माणूस दहावीच्या निकालासारखा त्या थेंबाकडे बघत राहतो.

गेल्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मोताळा तालुक्यातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत हे चाललं होतं. रक्तपेढीची गाडी सकाळीच राजूर घाट उतरून आली होती. बुलढाणा जिल्ह्याचे आम्ही दोनच भाग मानतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. बाकी तालुके वगैरे सरकारी कागदापुरते. मे महिन्यात घाटाखाली रक्तदान शिबिर ठेवणं म्हणजे खरं तर माणसांचा अंत बघणं. पण रक्ताची टंचाई असते ती नेमकी तेव्हाच. कॉलेजं बंद, पोरं गावोगाव पांगलेली, घराघरात लग्नं. थॅलेसेमियाच्या पोराला मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्याला उन्हाळ्याची सुट्टी नसते.

लग्नालाच आलेले एक पाहुणे रांगेत होते, संग्रामपूरकडचे, संत्र्याची बाग असलेले. त्यांनी निळं पाणी पाहिलं आणि हसले. "हे तं मोरचूद व्हय!" अगदी बरोबर. बोर्डो मिश्रणात कालवतो तेच मोरचूद, फक्त इथे त्याची घनता 1.053 वर नेमकी बेतलेली असते. रक्तात हिमोग्लोबिन 12.5 ग्रॅम किंवा त्याहून जास्त असलं की थेंब पंधरा सेकंदांच्या आत तळाला जातो. कमी असलं की मध्येच लोंबकळतो किंवा वर येतो. पाहुण्यांचा थेंब दगडासारखा बुडाला. त्यांच्या मागच्या दोन बायकांचे तरंगले. त्या बोट चोखत परत गेल्या, आणि तिसरीनं मग बोट पुढेच केलं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बाया रक्तक्षयी निघाल्या होत्या. ते वाचलेलं होतं. पण टोचून घेऊनही 'तुमचं चालत नाही' हे ऐकून पदर सावरत निघालेली बाई समोर दिसली की त्या आकड्याचं वजन वेगळं लागतं.

मी चहा-बिस्किटांच्या टेबलावर होतो. मित्रानं काम दिलं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं कारण असं की मला सुई जवळून बघायची होती, पण माझ्या हातात जाताना नव्हे. त्याआधी सहा वर्षं मी रक्त दिलेलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वीचं शिबिर जिल्ह्यातल्याच एका शहरातलं. एका पुढाऱ्याचा वाढदिवस, मांडव, भोंगा, आणि बाटल्यांचा आकडा मायकवरून दर दहा मिनिटांनी जाहीर होत होता. (बाटल्या कधीच गेल्या, प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, तरी आमच्याकडे अजून 'किती बाटल्या झाल्या' असंच विचारतात.) माझ्या खाटेशी आलेला मुलगा शिकाऊ असावा. त्यानं सुई घातली. रक्त आलं नाही. त्यानं ती आतल्या आत डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग थोडी मागे ओढून पुन्हा खुपसली. तेवढ्यात कोपरापासून अंगठ्यापर्यंत वीज गेल्यासारखी एक कळ निघाली. मी ओरडलो. तो म्हणाला, "थोडं सहन करा सर, आलंच." आणि मी सहन केलं. का, तर शेजारच्या खाटेवर एक कॉलेजची मुलगी शांतपणे मोबाईल बघत पडली होती, आणि मागे रांग होती.

पिशवी निम्मी भरली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी कोपरापासून मनगटाच्या अलीकडपर्यंत हात जांभळा. मग हिरवा, मग पिवळा. पंधरा-वीस दिवस मी उकाड्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट घातले. अंगठ्याजवळच्या मुंग्या जायला त्याहून जास्त दिवस लागले. नंतर कुणी शिबिराचं नाव काढलं की माझं बीपी वाढलेलं असायचं, पोट बिघडलेलं असायचं किंवा गावाला जायचं असायचं.

त्या दिवशी नेमकं काय झालं ते मला मोताळ्याच्या त्या वर्गात बसून कळलं. सुई टोचणाऱ्या टेक्निशियन मॅडम घाटाखालच्याच, पंचवीस वर्षं हेच काम करणाऱ्या. गर्दी ओसरली की त्या बोलत. कोपराच्या खळगीत तीन नसा असतात, साधारण इंग्रजी एम अक्षरासारख्या. मधली सगळ्यांत भरवशाची. बाहेरच्या अंगाची चालते. आतल्या अंगाची, म्हणजे करंगळीच्या बाजूची, दिसायला टपोरी असते, पण तिच्या खालून धमनी जाते आणि आजूबाजूला संवेदनेच्या नाजूक तंतूंचं जाळं असतं. नवखा माणूस दिसते म्हणून तिच्याकडे जातो. वीज गेल्यासारखी कळ आली म्हणजे सुई अशा तंतूला लागली. तेव्हा करायचं एकच असतं, सुई ताबडतोब बाहेर. आत हलवत बसायचं नाही. जांभळा डाग म्हणजे नसेच्या भिंतीला दुसरीकडून भोक पडून मांसात पाझरलेलं रक्त. बहुतेक वेळा तो आपोआप जातो, पण माणूसही जातो. "तो मानूस मंग येतच नाही परत," मॅडम म्हणाल्या. मी चहाचे कप मोजत होतो.

आणि ती निम्मी पिशवी? पिशवीत रक्त गोठू नये म्हणून आधीच एक द्रावण घातलेलं असतं. 350 मिलीच्या पिशवीत ते 49 मिली असतं. रक्त फार कमी आलं तर त्या द्रावणाचं प्रमाण बिघडतं आणि पिशवी सहसा बाद करावी लागते. मायकवर मात्र ती मोजली गेली असणार.

मॅडम टोचायच्या आधी हाताकडे बघतच नाहीत. हे मला सगळ्यांत नवल वाटलं. दंडाला पट्टा, माणसाच्या हातात चेंडू, "मूठ आवया, सोडा, आवया", आणि त्यांची नजर खिडकीबाहेर. फक्त डाव्या हाताची तर्जनी खळगीत चालत असते, पेटीवर सूर चाचपावा तशी. "नस दिसाची नसते, हाताले लागाची असते." बोटाखाली लिबलिबीत, दाबलं की दबणारी आणि सोडली की वर येणारी असेल ती नस. दोरीसारखी ताठ असेल तो स्नायूचा कंडरा. ठोके देत असेल ती धमनी, तिच्या वाटेला जायचं नाही. शेतात राबणाऱ्यांच्या नसा दोरखंडासारख्या उठून दिसतात, पण त्याच सुईखालून सरकतात; त्यांना अंगठ्यानं कातडी खाली ताणून धरावं लागतं. अंगानं भरलेल्या बाईची नस दिसत नाही, पण सापडली की जागची हलत नाही. उन्हात पाणी न पिता आलेल्याची नस मात्र कुणालाच सापडत नाही. ती आत दबून बसलेली असते.

सुई 16 गेजची. गेजचा हिशेब उफराटा आहे, आकडा लहान तेवढी सुई जाड. इन्सुलिनची सुई 31 गेजची, किंवा त्याहूनही बारीक असते. 16 गेज म्हणजे बाहेरून दीड मिलीमीटरहून जास्त. आमच्याकडे तिला दाभण म्हणतात, आणि मलकापूरच्या किंवा खामगावच्या बाजार समितीत हमालांना पोत्यांची तोंडं शिवताना ज्यानं पाहिलंय त्याला ती उपमा चटकन पटते. इतकी जाड का, तर बारीक सुईतून एवढं रक्त यायला फार वेळ लागेल, वाटेत गोठायला लागेल आणि लाल पेशी फुटण्याची भीती. 350 मिली साधारण आठ-दहा मिनिटांत यावं लागतं. सुई पिशवीलाच जोडलेली येते, निर्जंतुक, एकदाच वापरायची. जुन्या काळी काचेच्या बाटल्या असत आणि सुया उकळून, दगडावर धार लावून पुन्हा वापरत, हे आठवलं की आजच्या दाभणाबद्दल तक्रार करायला जीभ जरा कचरते.

दुपारी बाराच्या सुमारास पोलीस भरतीची तयारी करणारी पाच-सहा पोरं आली. पहाटे धावून, अंघोळ करून, काही न खाता. त्यातला सगळ्यांत दणकट, छाती फुगवून खाटेवर बसलेला, शेजाऱ्याच्या हातात सुई जाताना पाहून बसल्या जागी आडवा झाला. त्याला अजून कुणी हातही लावला नव्हता. पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्याचे पाय शाळेच्या दोन दप्तरांवर उंच ठेवले आणि कपाळावर ओला रुमाल टाकला. दोन मिनिटांत तो डोळे उघडून विचारतो, "झालं का माझं?"

याचा भित्रेपणाशी संबंध नाही. भीतीनं आधी छाती धडधडते, आणि मग काहींच्या शरीरात एकदम उलटा इशारा जातो: ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त पायांकडे उतरतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. तालमीतल्या माणसालाही हे होतं. त्यावर दोन साधे उपाय आहेत आणि दोन्ही फुकट. सुईच्या थोडं आधी अर्धा लिटर पाणी प्यायचं. आणि खाटेवर पडल्यावर पायावर पाय टाकून मांड्या आवळायच्या, सोडायच्या, पुन्हा आवळायच्या. उरलेल्या पोरांना मी बळंच दोन-दोन ग्लास पाणी पाजलं. त्यातलं एकही पडलं नाही. योगायोग असेल, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

एक आजी नातवासोबत आल्या होत्या. तो खाटेवर, त्या उशाशी. त्यांचा एकच प्रश्न: "रिपोट कधी येईन?" घाटाखाली आता 'रक्त देणं' म्हणजे आधी तपासणी आठवते. 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस मुठीमुठीनं गळायला लागले. पथकांमागून पथकं आली, रक्ताचे आणि केसांचे नमुने गेले. डॉ. हिंमतराव बावस्करांच्या तपासणीत सेलेनियमचं प्रमाण जास्त निघालं, हे बऱ्याच जणांना पेपरमधून कळलं. आजींना मॅडमनी समजावलं की हे रक्त दुसऱ्याला जाणार, तरी ते एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासलं जातं. आजींना निम्मंच पटलं.

मग मॅडमची सुई चुकली. एका शिक्षकांच्या हाताला. मी बघतच होतो. सुई गेली, नळीत रक्त आलं नाही, आणि त्यांनी एका क्षणात ती बाहेर काढली, वर कापूस दाबला. "माह्यं चुकलं सर. दुसऱ्या हाताले घेऊ काय? नाही म्हनसान तं राहू द्या, काही हरकत नाही." ती पिशवी बाद म्हणून बाजूला ठेवली आणि नवी फोडली, कारण एकदा टोचलेली सुई पुन्हा टोचत नाहीत. शिक्षकांनी दुसरा हात पुढे केला. सगळं मिळून दोन मिनिटं गेली. सहा वर्षांपूर्वी एवढी दोन मिनिटं आणि एवढं एक वाक्य मिळालं असतं, तर माझ्या मधल्या किती पिशव्या कुठे कुठे पोचल्या असत्या याचा हिशेब मी केला आणि चहा सांडला.

चार वाजता रांग संपली. मी टेबलावरून उठून खाटेवर जाऊन पडलो. मॅडमनी विचारलं, "मांगं काही तरास झाला व्हता काय?" मी सांगितलं. त्यांनी डावा हात ठेवून उजवा घेतला, खिडकीबाहेर बघत बराच वेळ चाचपला. "तिकडे पाहा." मी इकडेच पाहिलं. सुईचं तिरकं तोंड वर होतं. चिमटा बसला, मोठा चिमटा, पण चिमटाच. नंतर नळी हातावर चिकटपट्टीनं लावली आणि ती गरम लागली. आपलंच रक्त आपल्याला बाहेरून गरम लागतं, हे मी विसरलो होतो. पिशवी यंत्रावर पाळण्यासारखी हलत होती. साडेसात मिनिटांनी यंत्रानं शिट्टी मारली.

सुई निघाली की आपण सवयीनं कोपर दुमडतो. ते करू नका. दुमडल्यानं भोक उघडं राहतं आणि डाग तिथेच पडतो. हात सरळ ठेवून कापूस पाच मिनिटं घट्ट दाबायचा. आणि सुई आत असताना वीज गेल्यासारखी कळ आली, तर शेजारच्या खाटेवर कोण आहे ते बघू नका, "काढा" म्हणा, मोठ्यानं म्हणा. तुम्हाला तो हक्क आहे आणि पुढच्या वेळी तुम्ही यावं ही गरजही आहे.

दुसऱ्या दिवशी माझ्या उजव्या हातावर मसुराच्या दाण्याएवढा ठिपका होता. पुरुषांना 90 दिवसांनी आणि बायकांना 120 दिवसांनी पुन्हा रक्त देता येतं. माझे 90 दिवस पोळ्याच्या आसपास भरतात.