उजेड नेणारी तार, उजेड बदलणारी तार

छत्रपती संभाजीनगरात पुंडलिकनगरच्या रस्त्यावर मान वर केली की विजेच्या खांबांवरून लोंबणाऱ्या काळ्या वायरींचं जंजाळ दिसतं. त्यातल्या बऱ्याच वायरींत आता तांबं नाही, काच आहे. घरातलं नेट बंद पडतं, डब्यावरचा ‘लॉस’चा दिवा लाल होतो आणि नेटवाल्याचा पोरगा शिडी घेऊन येतो. पेनाएवढ्या यंत्रातून तो तारेत लाल उजेड सोडतो. तार जिथे मोडली असेल तिथे पिवळ्या आवरणातून लाल ठिपका झिरपताना दिसतो. जॉइंट मारून झाला की तो मीटर लावतो आणि सांगतो, ‘‘मायनस एकवीस येतेय, काका, आता काही अडचण नाही.’’ हा आकडा उजेडाच्या ताकदीचा. मायनस सत्तावीसच्या खाली गेला की नेट रडायला लागतं.

तो लाल उजेड फक्त तपासणीपुरता. खरा माल नेणारा उजेड डोळ्याला दिसतच नाही. घराकडे येणारा १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, घरातून जाणारा १३१० चा, आणि काही ठिकाणी टीव्हीसाठी १५५० चा. सगळे अवरक्त.

या शहराचं आणि या काचेचं नातं ग्राहकापुरतं नाही, हे मात्र शहरातल्याच अनेकांना ठाऊक नसतं. जालना रस्त्यावर शेंद्र्याला स्टरलाइट टेक्नॉलॉजीज ही काच बनवते आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला वाळूजला तिची तार ओढते. रेती वितळवून हे काम होत नाही. सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ ज्वाळेत जाळली की पांढरी, पिठासारखी बारीक काजळी तयार होते. ती थरावर थर साचवायची, क्लोरीन सोडून तिच्यातली ओल काढायची आणि भट्टीत तापवून तिचा पारदर्शक दांडा करायचा. हा दांडा म्हणजे प्रीफॉर्म. मग उंच टॉवरच्या माथ्यावर २००० अंशांच्या आसपास त्याचं टोक मऊ करायचं आणि खाली १२५ मायक्रॉन जाडीचा धागा ओढायचा. वाटेतच त्यावर लेप चढतो, अतिनील दिव्याखाली तो वाळतो आणि धागा रिळावर जातो. उजेड चालतो तो मधल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. त्या गाभ्यात थोडं जर्मेनियम असतं.

ही सगळी यातायात एका गोष्टीसाठी: आत सोडलेला उजेड जसाच्या तसा पलीकडे पोहोचावा. चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली मांडलं, की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून दूरसंचार जमेल. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीने तशी तार करून दाखवली. आज १५५० नॅनोमीटरला घट किलोमीटरमागे ०.२ डेसिबल इतकीच. म्हणजे इथून जालन्याला, साठेक किलोमीटरवर, निघालेल्या उजेडाचा सोळावा हिस्सा शिल्लक राहतो. ऐकायला कमी वाटतं, पण काचेच्या हिशेबात हा चमत्कारच आहे.

पण माझ्या मते काचेची खरी गंमत तिथून पुढे सुरू होते, जेव्हा तिच्यात मुद्दाम ‘अशुद्धी’ घालतात.

आपल्या केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये एक चपटा डबा असतो, त्याला तो ‘ईडीएफए’ म्हणतो, म्हणजे उजेडाचा वर्धक. आत काही मीटर तार गुंडाळलेली असते आणि तिच्या गाभ्यात एर्बियम हे दुर्मीळ मृदा मूलद्रव्य असतं, दशलक्ष भागांत काही शे भाग. साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हा वर्धक दाखवला. बनवण्याची त्यांची रीतही साधी होती: सच्छिद्र काजळीचा थर एर्बियमच्या द्रावणात भिजवायचा, मुरू द्यायचा, मग वाळवून काच करायची. मात्रा जास्त झाली की एर्बियमचे अणू गोळा होऊन बसतात आणि काम बिघडतं, म्हणून जोडीला ॲल्युमिनियम घालून त्यांना पांगवतात.

या तारेत ९८० नॅनोमीटरचा पंप लेसर सोडला की एर्बियम ऊर्जा घेऊन तयार बसतं. दुरून थकून आलेला १५५० चा संदेश त्यातून गेला की दिंडीत एकाने ‘विठ्ठल’ म्हणावं आणि मागच्या सगळ्यांनी त्याच सुरात उचलावं, तसं होतं. आत आलेला उजेड त्याच रंगात, त्याच तालात कितीतरी पट होऊन बाहेर पडतो. पूर्वी उजेडाची वीज करायची, ती वाढवायची आणि पुन्हा उजेड करायचा, अशी कसरत दर टप्प्याला करावी लागे. ती संपली. समुद्राखालच्या केबली आज याच युक्तीवर चालतात.

पंप चालू असताना उघड्या एर्बियमच्या तारेकडे अंधारात पाहिलं तर ती मंद हिरवी दिसते. आत गेलेला उजेड अदृश्य, अपेक्षित उजेडही अदृश्य, मग हिरवा कुठून आला? एकाच अणूला पंपाची ऊर्जा दोन हप्त्यांत मिळते आणि तो ती एकदम, हिरव्या रंगात, परत करतो. वर्धक बनवणाऱ्याच्या लेखी ही गळती आहे, पण पाहणाऱ्याला रंगांतराचं याहून सोपं प्रात्यक्षिक मिळणार नाही.

काही न मिसळताही काच उजेडाचा रंग बदलते. १९२८ मध्ये कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी पाहिलेलं विकिरण तारेत किलोमीटरभर साचत जातं. बेल प्रयोगशाळेत रॉजर स्टोलेन आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये त्यावर तारेतला लेसर चालवला. साध्या दूरसंचाराच्या तारेतही हे घडतं, गाभ्यातलं जर्मेनियम त्याला मदतच करतं.

एक गोष्ट मात्र काचेला जमत नाही, असंच सगळे धरून चालले होते. १९६१ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन यांनी माणिक लेसरचा लाल उजेड क्वार्ट्झच्या स्फटिकातून सोडून बरोबर निम्म्या तरंगलांबीचा अतिनील उजेड मिळवला होता. तो ठिपका इतका फिका होता, की शोधनिबंध छापताना फोटोवरचा डाग समजून पुसला गेला. स्फटिकात अणूंची मांडणी एकतर्फी असू शकते, म्हणून तिथे हे जमतं. काचेत सगळ्या दिशा सारख्या, म्हणून तिथे व्हायला नको. आणि १९८६ मध्ये स्वीडनमध्ये उल्फ ओस्टरबर्ग आणि वॉल्टर मार्गुलिस यांनी जर्मेनियम-फॉस्फरसच्या तारेत १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य लेसर तासन्‌तास चालू ठेवला, तर तारेच्या टोकातून ५३२ चा हिरवा उजेड येऊ लागला आणि वाढत गेला. उजेडानेच काचेच्या आत विद्युतभार सरकवून एक सूक्ष्म, ठरावीक अंतराने उलटसुलट होणारी रचना कोरली होती. तारेने स्वतःला घडवलं होतं.

१९९१ मध्ये हाच परिणाम मुद्दाम साधायची वाट सापडली. काच पावणेतीनशे अंशांच्या आसपास तापवायची, काही हजार व्होल्ट लावायचे आणि व्होल्टेज तसंच ठेवून थंड करायची. तापलेल्या काचेत सोडियमचे आयन एका बाजूने सरकून जातात आणि थंड झाल्यावर विद्युतक्षेत्र आत कोंडलेलं राहतं. स्फटिकाइतकं काम अजून तिच्याकडून होत नाही, हेही सांगायला हवं. कारखान्यात हिरवा लेसर हवा असला तर आजही तारेच्या पुढे स्फटिकच बसवतात. ५३२ च्याच हिरव्या उजेडाचं एक मोठं काम मराठवाड्यात व्हायचं आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे, केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटींची मंजुरी दिली. तिचा मुख्य लेसर १०६४ चा, आणि चार-चार किलोमीटरच्या भुजा जागेवर आणायला मदत करणारा हिरवा.

काचेच्या तारेची मजल हिरव्यावरच थांबली नाही. २००० मध्ये बेल प्रयोगशाळेत गाभ्याभोवती हवेची छिद्रं ठेवलेल्या ७५ सेंटिमीटर तारेत लेसरचे अतिसूक्ष्म स्पंद सोडले, तर पलीकडून जांभळ्यापासून अवरक्तापर्यंतचा सलग पट्टा बाहेर पडला. एका रंगातून सगळे रंग.

प्रयोगशाळेच्या बाहेर मूलद्रव्य मुरवलेल्या तारांच्या कुळातलं सर्वांत कमावतं पोर म्हणजे यटर्बियमची तार. तारेतला पहिला लेसर एलियास स्नित्झर यांनी १९६१ मध्येच केला होता, निओडिमियमच्या काचेत. आज पत्रा कापणारी यंत्रं यटर्बियमवर चालतात. बाहेरच्या रुंद काचेत डायोडचा ओबडधोबड उजेड भरायचा आणि गाभ्यातून १०७० नॅनोमीटरच्या आसपासचा बारीक, सरळ झोत घ्यायचा. जुना कार्बन डायऑक्साइडचा लेसर आरशांवरून न्यावा लागे, कारण त्याचा १०.६ मायक्रॉनचा उजेड काचेतून जातच नाही. वीजही त्याला तिप्पट लागे. वाळूज-शेंद्र्याच्या वाहनउद्योगाभोवतीच्या जॉबवर्कवाल्यांना हे सांगायला नको. थुलियम घातलेली तार १९४० ला उजेड देते, पाणी तो झटकन शोषतं, म्हणून ती मुतखडा फोडायच्या कामी येते.

आता माझं म्हणणं. या कटिंग मशीनमधले लेसरचे डबे बहुतेक चीन, अमेरिका, जर्मनीतून येतात. बाहेरचा सांगाडा, टेबल, मोटर इथे जोडता येते, पण किमतीचा ऐवज असलेली ती काही मीटर तार बाहेरची. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेला एर्बियम, यटर्बियम, थुलियमच्या तारा करण्याचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. आमच्या शहरात काजळी साचवणारे, दांडा पारखणारे, टॉवरवर धागा सांभाळणारे हात आहेत, १९५८ पासूनचं विद्यापीठ आहे आणि माल घेणारं गिऱ्हाईक रस्त्यापलीकडे आहे. दूरसंचाराची तार किलोमीटरच्या भावाने विकली जाते आणि जगात स्वस्ताई आली की कारखान्याला झळ बसते. मुरवलेली तार मीटरच्या भावाने जाते. उद्योजकांनी, विद्यापीठाने आणि ऑरिकच्या औद्योगिक वसाहतीत जागा वाटणाऱ्यांनी एकत्र बसून एक छोटा, खास तारांचाच टॉवर इथे उभा करावा.